टोकन दिल्यानंतर फ्लॅटचे आणखी वारस समोर आले: टोकन, एमओयू आणि दलालीबाबत सविस्तर उत्तर

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर आपल्याला लगेच दाखवता येईल. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतील फ्लॅट आपण एजंटमार्फत पाहिला, 72 लाख रुपयांना व्यवहार तोंडी ठरला आणि त्याच संध्याकाळी आपण दीड लाख रुपये टोकन दिले. त्यांपैकी 1 लाख विक्रेत्याच्या बँक खात्यात गेले आणि 50 हजार रुपये एजंटने रोख घेतले. पावती म्हणून आपल्याकडे एजंटचा व्हॉट्सॲप संदेश आहे. नंतर सोसायटीत चौकशी केली तेव्हा समजले की फ्लॅट मुळात विक्रेत्याच्या वडिलांनी घेतलेला आहे, वडील 2021 मध्ये वारले, विक्रेत्याचे नाव नॉमिनी म्हणून सोसायटीच्या दप्तरी लागले, आई हयात आहे आणि एक बहीण परदेशात राहते. एजंट म्हणतो की नॉमिनी म्हणजेच मालक, टायटल (मालकी हक्क) क्लिअर आहे, आठ दिवसांत 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर एमओयू (सामंजस्य करार) करून 10 टक्के रक्कम द्या, नाहीतर टोकन बुडेल. आणि सौदा जमलेला असल्यामुळे 2 टक्के दलालीही आत्ताच द्या. टोकन परत मिळेल का आणि दलाली देणे भाग आहे का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतोच, परंतु ती उत्तरे ज्या गोष्टीवर अवलंबून आहेत ती गोष्ट आपल्या प्रश्नात जाता जाता आलेली आहे. ज्या माणसाशी आपण व्यवहार ठरवला त्याला हा फ्लॅट एकट्याने विकण्याचा अधिकार आहे का, हा खरा प्रश्न आहे. दीड लाख अडकले म्हणून त्यांच्या पाठोपाठ 7 लाख 20 हजार देण्याची आणि त्यावर 1 लाख 44 हजार दलाली मोजण्याची घाई आपल्याला केली जात आहे. मालमत्तेची कागदपत्रे तपासणे आणि साठेखते (विक्रीचे करार), खरेदीखते लिहिणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे एवढे सांगू शकतो की अशा प्रकरणांत मोठे नुकसान टोकनचे क्वचितच होते. ते टोकन वाचवण्यासाठी उचललेल्या पुढच्या पावलात होते.

काही बाबी मला माहीत नाहीत आणि त्यांनुसार उत्तर बदलेल. वडिलांनी मृत्युपत्र केले होते का, फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता की आईचेही नाव मूळ करारात होते, कुटुंबाला कोणता वारसा कायदा लागू होतो आणि बहिणीने आधीच नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) करून दिले आहे का, ही चार उत्तरे आपल्याला विक्रेत्याकडून लेखी मिळवावी लागतील. पुढचे विवेचन मृत्युपत्र नाही, हक्कसोडपत्र नाही, फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या कमाईचा होता आणि कुटुंबाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू आहे असे धरून केले आहे, कारण आपण दिलेल्या माहितीवरून तीच शक्यता अधिक दिसते.

नॉमिनी म्हणजे मालक हा समज इतका पसरलेला आहे की पुष्कळदा विक्रेता आणि एजंट दोघेही तो प्रामाणिकपणे बाळगून असतात. त्याचे एक कारण शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला सापडते. तिथे हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता छापलेला असतो. सभासद वारल्यावर सोसायटी त्या तक्त्यात नॉमिनीचे नाव लिहिते, खाली अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या होतात, शिक्का बसतो, आणि तो कागद पाहणाऱ्याला वाटते की मालकी बदलली. प्रत्यक्षात ती नोंद सोसायटीने कोणाशी पत्रव्यवहार करायचा आणि देखभाल खर्च कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरती आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यातील कलम 154ब-13 मध्ये तर स्पष्टच म्हटले आहे की वारसांना किंवा हक्कदारांना सभासद करून घेतले जाईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून दाखल करावे. तात्पुरत्या सभासदाकडे फ्लॅट इतर वारसांच्या वतीने सांभाळण्यासाठी येतो, विकून टाकण्यासाठी नव्हे.

मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी आणि पत्नी हे वर्ग 1 चे वारस असून त्यांचे हिस्से समान असतात. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच हिस्सा येतो. ती नसेल असे धरले तर आपल्या विक्रेत्याकडे एक तृतीयांश मालकी आहे. तो आपला तिसरा हिस्सा विकू शकतो, पण बाकीचे दोन हिस्से त्याच्या सहीने आपल्याकडे येणार नाहीत. बरे, तिसरा हिस्सा तरी उपयोगाचा आहे का? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 44 नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एका सहहिस्सेदाराचा हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला इतरांबरोबर त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. म्हणजे पूर्ण किंमत मोजून आपल्या हाती वाटणीचा दावा लावण्याचा हक्क येईल, आणि आई त्याच घरात राहत असेल तर किल्लीही मिळणार नाही.

यावर एजंट बहुधा असे सुचवेल की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊ, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की विषय संपला. जाहीर नोटीस मी स्वतः प्रत्येक रीसेल व्यवहारात देतो आणि तिचा उपयोगही होतो, कारण न माहीत असलेला दावेदार, हरवलेला कागद किंवा एखाद्या पतसंस्थेचा बोजा त्यातून बाहेर येतो. पण माहीत असलेल्या वारसाचा हक्क तो गप्प बसल्याने जात नाही. परदेशात राहणाऱ्या बहिणीने पुण्यातल्या वर्तमानपत्राचे आतले पान पाहिले नाही, म्हणून तिचा हिस्सा भावाकडे गेला असे कोणतेही न्यायालय मानणार नाही. शिवाय आपल्यापुरती एक वाट आता बंद झालेली आहे. दिसायला मालक असलेल्या माणसाकडून, वाजवी काळजी घेऊन आणि सद्भावनेने, खरेदी करणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचेच कलम 41 काही परिस्थितीत संरक्षण देते. परंतु बहीण आहे हे आपल्याला कळले असल्यामुळे ते संरक्षण आपण मागू शकणार नाही. सोसायटीत चौकशी करून आपण योग्यच केले. तिथे कळलेली गोष्ट मात्र आता विसरता येणार नाही.

आता विक्रेत्याची जबाबदारी पाहू. “घेणाऱ्याने स्वतः तपासून घ्यावे” असे आपल्याला ऐकवले जाईल आणि त्यात काही अंशी तथ्य आहे. तरीसुद्धा त्याच अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळला नसता, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. मागणी केल्यास मालकीची कागदपत्रे दाखवणे आणि मालकीविषयीच्या प्रश्नांना माहितीप्रमाणे उत्तरे देणे हेही त्याच कलमात आहे. दोष लपवणे हे कपट समजले जाईल, इतक्या कडक शब्दांत ते कलम संपते. सख्खी बहीण आहे हे विक्रेत्याला माहीत नव्हते असे तो म्हणू शकत नाही. मात्र सोसायटीत सहज विचारल्यावर हे कळले, तेव्हा साधारण काळजीने कळण्यासारखे होते, असा युक्तिवाद त्याचा वकील करू शकतो. म्हणून मी या एकाच मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवणार नाही.

टोकनकडे येतो. टोकन हा व्यवहारातला शब्द आहे. कायद्याच्या दृष्टीने ती रक्कम एकतर इसार असते किंवा नुसती आगाऊ रक्कम. इसार हा करार पाळण्याची हमी म्हणून दिला जातो आणि खरेदीदाराने विनाकारण करार मोडला तर तो जप्त होऊ शकतो. आगाऊ रक्कम ही किमतीचा भाग असते आणि व्यवहार झाला नाही तर ती परत करायची असते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये एका निकालात स्पष्ट केले की जप्तीचा अधिकार सांगायचा असेल तर ती रक्कम इसार आहे हे कराराच्या अटींतून स्वच्छ आणि निःसंदिग्धपणे दिसले पाहिजे. याशिवाय भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 74 आहे, ज्यानुसार करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते.

आपण संदेशाचा मजकूर दिला आहे: “टोकन रु. 1,50,000 मिळाले, फ्लॅट आपल्यासाठी होल्ड केला आहे, एमओयू 8 दिवसांत.” यात जप्तीची अट नाही, इसार हा शब्द नाही, विक्रेत्याची सही नाही, खरेदीची अंतिम मुदत नाही, कागदपत्रे कोण कधी देणार तेही नाही. करार पूर्ण झाला होता की बोलणी चालू होती, हाच प्रश्न या मजकुरावरून उभा राहतो आणि दोन्हींपैकी कोणतेही उत्तर आले तरी आपली बाजू वाईट नाही. बोलणीच चालू असतील तर विक्रेत्याला पैसे ठेवून घेण्याचा आधार नाही. करार झाला असेल, तर संपूर्ण फ्लॅटची मालकी देऊ न शकणारा विक्रेता करार पाळायला तयार नाही, आणि आपण रास्त कारणाने नकार देत आहात. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 55(6)(ब) खरेदीदाराला दिलेल्या रकमेपुरता विक्रेत्याच्या मालमत्तेतील हिश्श्यावर बोजाही देते. “टोकन बुडेल” ही धमकी आहे, कायद्यातील स्थिती नव्हे. अर्थात हक्क असणे आणि पैसे हातात येणे यांत अंतर असते, आणि ते अंतर लेखी पुराव्याने कमी होते.

रोख दिलेल्या 50 हजारांविषयी थोडे सावध करतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम, मग ती आगाऊ असो आणि व्यवहार पुढे होवो वा न होवो, रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. दंड स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. परतफेडीलाही तसाच नियम असल्यामुळे ती रक्कम परत घेताना खात्यावरच घ्या. एजंटने ते पैसे विक्रेत्याला दिले की स्वतःकडे ठेवले, हे आजच विचारा, कारण त्यावर पुढचे बरेच काही ठरते.

एमओयूबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो करू नये. 500 रुपयांच्या कागदावर नोटरीचा शिक्का बसला की कागद पक्का झाला असे लोकांना वाटते, पण नोटरी फक्त सही करणारी माणसे समोर होती याची साक्ष देतो. मालकी कोणाची, हे तो पाहत नाही आणि ते त्याचे कामही नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात अशी तरतूद आहे की विक्रीच्या करारात ताबा आधी, त्याच वेळी किंवा नंतर देण्याचे ठरले असेल, तर तो करार मुद्रांक शुल्कासाठी खरेदीखतासारखाच धरला जातो. एमओयूमध्ये “संपूर्ण रक्कम मिळाल्यावर ताबा देण्यात येईल” हे वाक्य असतेच. तो कागद उद्या न्यायालयात दाखवायची वेळ आली, तर कमी पडलेले शुल्क आणि त्यावर दरमहा 2 टक्के दराने दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात घेतला जाणार नाही. नोंदणी नसल्यामुळे, ताबा मिळाला तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 53अ चे संरक्षण 2001 च्या दुरुस्तीनंतर मिळत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, आज नसलेली जप्तीची अट त्या एमओयूत छापील स्वरूपात येईल. म्हणजे ज्या दीड लाखांवर आज विक्रेत्याचा हक्क कच्चा आहे, तो आपण स्वतःच्या सहीने पक्का करून द्याल आणि वर 7 लाख 20 हजार त्याच्या हवाली कराल.

व्यवहार करायचाच असेल तर थेट नोंदणीकृत साठेखत करावे. महाराष्ट्रात रीसेल फ्लॅटच्या साठेखतावर साधारणपणे पूर्ण मुद्रांक शुल्क भरले जाते आणि नोंदणी शुल्क 1 टक्का, कमाल 30 हजार रुपये असते; हा खर्च पुढे होणारच आहे, तो आधी झाल्याने आपले नाव दुय्यम निबंधकांच्या सूची क्रमांक 2 मध्ये (नोंदणीकृत व्यवहारांच्या नोंदीत) येते आणि त्याच फ्लॅटवर दुसऱ्या कोणाशी करार करणे विक्रेत्याला अवघड होते. तरी हे ध्यानात असू द्या की साठेखताने मालकी येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 54 तसे स्पष्ट सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प निकालात तेच ठासून मांडले: साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून विक्री होत नाही, मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते.

आता एजंट. आपल्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एजंट नेमका कोणाचा होता हे आपण कुठेही लिहिलेले नाही, आणि बहुधा ते कोणी ठरवलेलेही नाही. रीसेलच्या बाजारात एकच माणूस दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, दोघांनाही “मी तुमच्या बाजूने आहे” असे सांगतो आणि लेखी काहीच करत नाही. करार अधिनियमाच्या दृष्टीने मात्र एजंट हा कोणाच्या तरी वतीने काम करतो आणि ज्याच्या वतीने करतो त्याच्याशी त्याची बांधिलकी असते: सूचनांप्रमाणे वागणे, त्या धंद्यात अपेक्षित असते तेवढे कौशल्य आणि तत्परता दाखवणे, घेतलेल्या पैशांचा हिशेब देणे, अडचण आली तर त्या माणसाशी संपर्क साधून सूचना घेणे आणि त्याच्या नकळत स्वतःचा फायदा न पाहणे. दोन्ही बाजूंनी काम करण्यास कायद्याची सरसकट मनाई नाही, पण दोघांनाही ते माहीत असले पाहिजे आणि मान्य असले पाहिजे.

हे तात्त्विक वाटेल, पण परिणाम रोखठोक आहेत. एजंट विक्रेत्याचा असेल, तर कामाच्या ओघात त्याने “टायटल क्लिअर आहे” असे जे सांगितले त्याचा करारावर तसाच परिणाम होतो जणू ते विक्रेत्यानेच सांगितले (कलम 238), आणि त्याने विक्रेत्यासाठी घेतलेले 50 हजार विक्रेत्याला पोचले असे धरता येते. तो आपला असेल, तर कलम 229 आपल्याविरुद्ध फिरते: आपल्या कामाच्या दरम्यान एजंटला जे कळले ते आपल्यालाच कळले असे त्रयस्थांच्या संबंधात मानले जाते. बहीण असल्याचे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असेल आणि आपण “खरेदीदारातर्फे एजंट” असे लिहिलेल्या कागदावर सही केली, तर “मला विक्रेत्याने अंधारात ठेवले” हे म्हणणे लंगडे पडेल. म्हणून दलालीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कोणाचे प्रतिनिधित्व करतो हे त्याच्याकडून लिहून घ्या. अनुभव असा की हा साधा प्रश्न लेखी विचारला की अर्ध्या एजंटांचा सूर बदलतो.

दलाली आत्ता द्यावी लागेल का? दर कायद्याने ठरलेला नाही; प्रत्येक बाजूकडून 1 ते 2 टक्के अशी बाजारातली पद्धत आहे आणि तो सर्वस्वी आपसातल्या कराराचा विषय आहे. ती केव्हा देय होते याचे उत्तर कलम 219 मध्ये आहे: वेगळा करार नसेल तर सोपवलेले काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही. काम म्हणजे काय, यावर वाद होतो. नुसती गाठ घालून देणे हे काम होते असे एजंट म्हणेल. विकण्याचा पूर्ण अधिकार असलेल्या विक्रेत्याशी बंधनकारक करार घडवून आणणे हे काम होते असे मी आपल्या वतीने म्हणेन, आणि इथे तसा विक्रेता अजून समोर आलेलाच नाही. खेरीज कलम 220 प्रमाणे कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटला त्या भागाचा मोबदला मागता येत नाही. आपण मात्र संदेशात कुठे “2 टक्के टोकनवेळी” असे मान्य केले असेल तर माझे उत्तर बदलेल, तेव्हा जुने संदेश एकदा नीट वाचा.

महारेराकडे (महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) तक्रार करता येईल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. स्थावर संपदा अधिनियम, 2016 खाली एजंटची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी लागते, आणि 2023 पासून महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली आहे. आपला फ्लॅट जुन्या इमारतीतला, दोन व्यक्तींमधील रीसेलचा असल्यामुळे तो रस्ता येथे बहुतेक लागू पडणार नाही. एजंटविरुद्ध ग्राहक आयोग आणि विक्रेत्याविरुद्ध दिवाणी न्यायालय हे पर्याय उरतात. दीड लाखांसाठी ते वापरायची वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, आणि मुद्देसूद नोटीस गेली की सहसा येत नाही.

इथपर्यंतचा निष्कर्ष असा की आज काहीही न देता आणि कशावरही सही न करता थांबल्याने आपले नुकसान होत नाही. पुढे काय करायचे हे आपल्याला फ्लॅट हवा आहे की बाहेर पडायचे आहे यावर ठरेल.

फ्लॅट हवा असेल तर परिस्थिती निराशाजनक नाही. वारसांत भांडण नसेल तर असे व्यवहार सुरळीत पार पडतात, फक्त वेळ लागतो. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे आई, मुलगा आणि बहीण या तिघांनी विक्रेते म्हणून साठेखतावर आणि खरेदीखतावर सह्या करणे. बहिणीला येता येत नसेल तर ती तिथल्या भारतीय दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवू शकते. ते महाराष्ट्रात आल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मुखत्यारपत्रात हा फ्लॅट, विक्रीचा अधिकार आणि नोंदणीसाठी हजर राहण्याचा अधिकार नेमकेपणाने लिहिलेला हवा. “सर्व मालमत्तांचे व्यवहार पाहणे” अशा मोघम भाषेवर मी व्यवहार पुढे नेत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आईने आणि बहिणीने आधी मुलाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करणे. साध्या कागदावरचे संमतिपत्र किंवा ईमेल या दोन्हींपैकी कोणत्याही मार्गाची जागा घेऊ शकत नाही.

या दोन मार्गांत कराचा एक फरक आहे जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर निवासी विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापायचा असतो. बहीण अनिवासी असून स्वतः विक्रेती झाली, तर तिच्या हिश्श्याच्या रकमेला हा 1 टक्क्याचा नियम लागत नाही. तिथे कपातीचा दर आणि पद्धत वेगळी असते, 50 लाखांची मर्यादाही नसते, आणि चुकीची कपात केल्यास आयकर विभाग खरेदीदाराला धरतो. तेव्हा मसुदा पक्का करण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारा.

याबरोबर वडिलांच्या मूळ खरेदीचा करार आणि त्याची सूची क्रमांक 2, मृत्यूचा दाखला, वारस दाखला किंवा वारसांचे प्रतिज्ञापत्र, 30 वर्षांच्या नोंदणी दप्तराचा सर्च आणि कर्जाचा बोजा नसल्याची खात्री, हे नेहमीचे सगळे आहेच. आपण गृहकर्ज घेणार असाल तर बँकेचा वकील ही कागदपत्रे मागणारच. किंबहुना नॉमिनीच्या एकट्याच्या सहीवर कोणती बँक कर्ज देईल, हा प्रश्न एजंटला विचारून पाहा. सोसायटीच्या हस्तांतरणाच्या बाबी फारशा अडत नाहीत. महापालिका क्षेत्रात अधिमूल्य (हस्तांतरणासाठी सोसायटी घेते ती रक्कम) 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही एवढे माहीत असले की पुरे.

तोवर दीड लाख तसेच राहू द्यायचे असतील, तर विक्रेत्याची सही असलेला एक छोटा कागद करून घ्या. मी साधारण असा मजकूर लिहितो: “सदर रक्कम रु. 1,50,000 ही केवळ आगाऊ रक्कम असून इसार नाही. फ्लॅटच्या सर्व वारसांच्या सहीने नोंदणीकृत साठेखत दिनांक ___ पर्यंत न झाल्यास, अथवा खरेदीदाराच्या वकिलांनी मालकी हक्काबाबत लेखी हरकत नोंदवल्यास, अथवा बँकेने मालकी हक्काच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास, विक्रेता सदर संपूर्ण रक्कम कोणतीही वजावट न करता 7 दिवसांत खरेदीदाराच्या बँक खात्यात परत करील.” विक्रेता या मजकुरावर सही करायला तयार आहे की नाही, यावरून त्याच्या मनात काय आहे याचा बराच अंदाज येतो. दलालीसाठीही याच धर्तीवर दोन ओळी लिहून घ्या: अर्धी साठेखताच्या नोंदणीवेळी, अर्धी खरेदीखत आणि ताबा मिळाल्यावर, आणि मालकी हक्काच्या दोषामुळे व्यवहार फिसकटल्यास काहीच नाही.

बाहेर पडायचे असेल तर फोनवर बोलू नका, लिहा. विक्रेता आणि एजंट दोघांनाही एकाच मजकुराचा ईमेल किंवा स्पीड पोस्टने पत्र पाठवा: अमुक तारखेला अमुक रक्कम अमुक मार्गाने दिली, फ्लॅट मृत वडिलांच्या नावावर असून इतर वारस आहेत हे आपण सांगितले नव्हते, सर्व वारसांच्या सह्या मिळणार असल्यास 15 दिवसांत लेखी कळवा, अन्यथा रक्कम परत करा. ही संधी देणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे वाद झालाच तर आपण व्यवहार पूर्ण करायला तयार होतात आणि अडचण त्यांच्या बाजूची होती हे त्याच पत्रातून दिसेल. पत्राचा सूर शांत ठेवा. फसवणूक, गुन्हा, पोलीस हे शब्द पहिल्या पत्रात नकोत. विक्रेत्याचा हेतू वाईट होता असे आपल्या माहितीवरून मला तरी दिसत नाही, आणि चुकीच्या समजुतीत असलेला माणूस अपमान झाला की पैसे परत करायचे सोडून वकील गाठतो.

रक्कम परत मागण्याच्या दाव्याला साधारणपणे 3 वर्षांची मुदत असते, म्हणून घाईचे कारण नाही, पण व्हॉट्सॲप संदेश आजच एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा आणि बँकेच्या उताऱ्याची प्रत काढून ठेवा. रोख 50 हजार धरून पूर्ण रकमेची पोच देणारा तो एकमेव संदेश आहे, आणि समोरच्याने “डिलीट फॉर एव्हरीवन” केले किंवा आपला फोन बिघडला तर 50 हजारांचा पुरावा त्याबरोबर जाईल. वर विचारलेल्या चार बाबींची उत्तरे मिळाली की कळवा. मृत्युपत्र निघाले तर यातला वारसांच्या हिश्श्यांचा भाग नव्याने पाहावा लागेल.